परदेशातील इंग्रजी अध्यापनासाठीचे प्रशिक्षण अभ्यासक्रम

परदेशातील इंग्रजी अध्यापनासाठीचे प्रशिक्षण अभ्यासक्रम म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांना ती भाषा शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी चालवले जाणारे, बहुधा अल्पमुदतीचे, शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम होत. ‘टेफल’ किंवा ‘टेसॉल’ या आद्याक्षरी नावांनी ते जगभर ओळखले जातात. चार-पाच आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या वर्गांपासून ते घरबसल्या दोन-तीन दिवसांत उरकता येणाऱ्या ऑनलाइन पाठांपर्यंत सर्व प्रकार याच नावांखाली मोडतात. दोन्ही प्रकारांच्या अखेरीस हाती येणारे प्रमाणपत्र दिसायला सारखेच असते.

‘टेफल’ हे कोणत्याही एका परीक्षेचे किंवा संस्थेचे नाव नाही. ते नाव कोणीही वापरू शकतो आणि त्या नावाचे प्रमाणपत्र कोणीही छापू शकतो. त्यामुळे अभ्यासक्रमाची निवड करताना नावापेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरतात. प्रशिक्षणार्थीला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवण्याची संधी मिळते की नाही, ही पहिली. ज्या देशात जायचे आहे तेथील नियमांनुसार त्या विशिष्ट उमेदवाराला ते प्रमाणपत्र उपयोगी पडते की नाही, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीचा संबंध पुष्कळदा प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराच्या पदवीशी आणि पारपत्राशी अधिक असतो. जाहिरातींत हा भाग सहसा नसतो.

संज्ञा

टेफल म्हणजे परकीय भाषा म्हणून इंग्रजीचे अध्यापन. जपान किंवा थायलंडसारख्या देशात, जेथे वर्गाबाहेर इंग्रजीचा फारसा वापर नाही, तेथील अध्यापनाला ही संज्ञा लागू पडते. टेस्ल म्हणजे द्वितीय भाषा म्हणून इंग्रजीचे अध्यापन. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्थलांतरितांना शिकवणे हे त्याचे ठळक उदाहरण. टेसॉल, म्हणजे अन्यभाषकांना इंग्रजी शिकवणे, या संज्ञेत दोन्ही प्रकार सामावतात. प्रमाणपत्रांच्या बाजारात मात्र हा फरक कोणी पाळत नाही, आणि नोकरी देणारेही तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. ‘टेफल घ्यावे की टेसॉल’ या प्रश्नावर वेळ घालवण्याचे त्यामुळे कारण नाही.

टेसॉल या नावाची शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. ती १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. प्रमाणपत्रावर टेसॉल हा शब्द असला म्हणजे त्या संघटनेने अभ्यासक्रम तपासला आहे, असा अर्थ होत नाही.

इतिहास

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची सुरुवात लंडनमध्ये झाली. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ मध्ये स्पेनमधील कोर्दोबा येथे भाषाशाळा काढली आणि पुढे लंडनमध्ये ‘इंटरनॅशनल हाऊस’ या संस्थेची उभारणी केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे तरुण हौसेने शिकवायला येत. परंतु आपण बोलतो ती भाषा दुसऱ्याला कशी शिकवावी, याची त्यांना कल्पना नसे. ही अडचण दूर करण्यासाठी १९६२ मध्ये हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात व्याख्याने कमी आणि प्रत्यक्ष शिकवणे जास्त होते. पुढे रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने या धर्तीच्या प्रशिक्षणाला प्रमाणपत्राचे रूप दिले, १९८८ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाकडे आले आणि १९९०च्या दशकात त्याला ‘सेल्टा’ हे आजचे नाव मिळाले.

भारतात या विषयाचा विचार वेगळ्या वाटेने झाला. येथे प्रश्न परदेशी जाऊन शिकवण्याचा नव्हता. लाखो शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक तयार करण्याचा होता. त्यासाठी १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तीच आज ‘इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी’ या नावाचे केंद्रीय विद्यापीठ आहे. बंगळूरच्या प्रादेशिक संस्थेच्या सहकार्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम पाठ करून न घेता नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून हिशेब करणे अशी कामे इंग्रजीतून करून घ्यायची आणि भाषा त्या ओघात येऊ द्यायची, असे त्याचे सूत्र होते. ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने तो जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाला, आणि कार्याधिष्ठित अध्यापनपद्धतीच्या उगमांत त्याची गणना होते. परदेशी प्रमाणपत्रासाठी मोठे शुल्क भरणाऱ्या भारतीय प्रशिक्षणार्थीला तेथे जे शिकवले जाते, त्यातील एक धागा आपल्याकडचाच आहे, हे सहसा ठाऊक नसते.

प्रमुख अभ्यासक्रम

प्रारंभिक पातळीवर दोन प्रमाणपत्रांना सर्वाधिक मान आहे. केंब्रिजचे सेल्टा हे त्यांपैकी पहिले. त्यात किमान १२० तासांचे संपर्क-अध्यापन असते आणि त्याशिवाय सुमारे ८० तासांचा स्वाध्याय अपेक्षित असतो. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किमान ६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या विद्यार्थ्यांना. अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे ६ तास निरीक्षण करावे लागते. प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांचे चार लेखी स्वाध्याय असतात. शेवटी वेगळी परीक्षा नसते. सर्व मूल्यमापन वर्गातील कामावरून होते. केंद्राने दिलेले निकाल योग्य आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी केंब्रिजचा बाह्य परीक्षक येतो. पूर्णवेळ अभ्यासक्रम चार ते पाच आठवड्यांत संपतो, अर्धवेळ काही महिने चालतो. २०२० नंतर तो संपूर्णपणे ऑनलाइनही करता येऊ लागला. मात्र तेथेही खऱ्या विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवावेच लागते.

दुसरे प्रमाणपत्र लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘सर्टटेसॉल’. रचना बरीचशी समान, किमान १३० तासांची, आणि निरीक्षणाखालील अध्यापनही ६ तासांचेच. या अभ्यासक्रमातील एक भाग विशेष उल्लेखनीय आहे. प्रशिक्षणार्थीला पूर्णपणे अपरिचित अशी एखादी भाषा काही तास विद्यार्थी म्हणून शिकावी लागते आणि त्या अनुभवाची नोंदवही लिहावी लागते. शिक्षिका एकही ओळखीचा शब्द उच्चारत नाही, फळ्यावरची लिपी कळत नाही, शेजारचा पटकन उत्तर देतो आणि आपली जीभ वळत नाही, हे सारे पहिल्या इयत्तेतील मुलाप्रमाणे अनुभवल्यावर शिक्षकाचा बोलण्याचा वेग आपोआप कमी होतो.

इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत ही दोन्ही प्रमाणपत्रे पाचव्या पातळीवर येतात. अनुभवी शिक्षकांसाठी केंब्रिजची ‘डेल्टा’ आणि ट्रिनिटीची ‘डिपटेसॉल’ या सातव्या पातळीच्या पदविका आहेत. त्या नवख्यांसाठी नाहीत. विद्यापीठांत अध्यापन करायचे असेल तर एम.ए. लागते, आखाती देशांतील अनेक विद्यापीठे त्याखाली विचारही करत नाहीत.

सेल्टाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तो मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी तयार झालेला अभ्यासक्रम आहे, आणि नावातील शेवटचे अक्षर एके काळी ‘प्रौढ’ या शब्दाचेच होते. आशियातील नोकऱ्या मात्र मोठ्या प्रमाणावर लहान मुलांना शिकवण्याच्या असतात. सहा वर्षांच्या वीस मुलांचा वर्ग सांभाळणे हे वेगळे कौशल्य आहे. त्यासाठी बालकांच्या अध्यापनाचा पूरक अभ्यासक्रम, किंवा आपल्याकडील डी.एड.चा अनुभव अधिक कामाला येतो.

सराव पाठाचे महत्त्व

महाराष्ट्रात बी.एड. किंवा डी.एड. केलेल्यांना ‘सराव पाठ’ हा शब्द नवा नाही. परदेशी अध्यापनाच्या चांगल्या अभ्यासक्रमाचा कणाही तोच असतो. सकाळी पद्धतींविषयी सत्रे होतात आणि दुपारी पाच-सहा प्रशिक्षणार्थींचा गट एकाच वर्गाला आळीपाळीने शिकवतो. एक जण चाळीस ते साठ मिनिटे शिकवतो. बाकीचे मागे बसून टिपणे घेतात. विद्यार्थी बहुधा त्या शहरातील सामान्य प्रौढ नागरिक असतात, कारण नवख्या शिक्षकांचे हे वर्ग त्यांना विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळतात. पाठ संपल्यावर मार्गदर्शक आणि सहकारी अभिप्राय देतात. पहिले प्रश्न ठरलेले असतात: पाठाचा उद्देश काय होता, आणि तो साधला का?

पाठ टाचणातही फरक आहे. आपल्याकडे टाचण वहीत शिक्षक काय सांगणार हे लिहिले जाते. येथे विद्यार्थी कोठे अडखळतील आणि त्यावर उपाय काय, हे आधी लिहावे लागते. शिकवलेले समजले का हे पाहण्यासाठी ‘समजले ना?’ असे विचारणे चुकीचे मानतात, कारण त्यावर सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे असतात. ‘मी येथे दहा वर्षे राहत आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य शिकवल्यावर, ‘तो माणूस आज येथे राहतो का? राहायला कधी सुरुवात केली?’ असे विचारले की कोणाला कळले आणि कोणाला नाही ते लगेच दिसते. शिक्षकाने किती वेळ स्वतः बोलायचे यावरही लक्ष असते. आयुष्यभर व्याख्यान देण्याची सवय असलेल्या शिक्षकाला हे सर्वांत जड जाते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना आणखी एका बदलाला सामोरे जावे लागते. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर आपल्याकडील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, मग नियम, असा तिचा क्रम होता आणि तिने दिलेला व्याकरणाचा पाया भक्कम होता. परदेशातील वर्गात ही पद्धत चालत नाही. सैद्धांतिक कारण काहीही असो, व्यावहारिक कारण साधे आहे: विद्यार्थ्यांची भाषा कोरियन किंवा अरबी असते आणि शिक्षकाला ती येत नसते. चित्र, हावभाव, प्रसंग आणि प्रश्न यांच्या आधारे इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावे लागते.

सराव पाठ नसलेल्या अभ्यासक्रमात यांपैकी काहीच घडत नाही. चित्रफिती पाहून आणि पर्यायी उत्तरांवर खुणा करून पद्धतींची नावे पाठ होतात. पोहण्याचे पुस्तक वाचून नदीत उतरण्यासारखा हा प्रकार आहे. काही ऑनलाइन संस्था ‘प्रात्यक्षिक’ म्हणून सहप्रशिक्षणार्थींनाच विद्यार्थी समजून शिकवायला लावतात. त्याचा थोडा उपयोग होतो; परंतु ज्यांना इंग्रजी येते तेच न येण्याचे सोंग करत असल्याने शिक्षकाची खरी कसोटी लागत नाही. प्रवेशापूर्वी विचारायचा प्रश्न म्हणूनच नेमका असावा: किती तास शिकवायचे, कोणाला, आणि पाहणार कोण?

१२० तासांचा आकडा

सेल्टाच्या संपर्क-तासांचा १२० हा आकडा हळूहळू संपूर्ण क्षेत्राचा मापदंड बनला. शाळांच्या जाहिरातींत आणि काही देशांच्या नियमांत तो दिसतो. त्याचा लाभ ऑनलाइन विक्रेत्यांनी उठवला. ‘१२० तासांचे टेफल’ नव्वद टक्के सवलतीत, ‘आज मध्यरात्रीपर्यंतच’ अशा घोषणांसह विकले जाते. हे १२० तास कोणी मोजत नाही. विक्रेत्याने ‘एवढे वाचायला एवढा वेळ लागेल’ असे ठरवले की तो आकडा प्रमाणपत्रावर छापला जातो. प्रत्यक्षात एखादा उमेदवार शनिवार-रविवारात ते संपवू शकतो. १५०, १८० किंवा ३०० तासांची प्रमाणपत्रे जास्त किमतीला विकली जातात, ती याच युक्तीने.

असे प्रमाणपत्र सर्वथा निरुपयोगी आहे, असेही म्हणता येणार नाही. एखाद्या देशाच्या प्रशासनाला केवळ १२० तासांचा कागद हवा असेल आणि उमेदवाराकडे बी.एड. व अध्यापनाचा अनुभव आधीच असेल, तर स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रमाने औपचारिकता पूर्ण होते. ज्याने आयुष्यात एकही वर्ग घेतलेला नाही त्याने मात्र त्यावर विसंबणे धोक्याचे. पहिल्याच दिवशी तीस विद्यार्थ्यांसमोर उभे राहिल्यावर तो कागद मदतीला येत नाही, आणि परक्या देशात तीन महिन्यांच्या परिवीक्षेवर असलेल्या शिक्षकाला शिकायला सवडही मिळत नाही.

अधिमान्यता कशी तपासावी

जवळपास प्रत्येक संस्था ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असल्याचा दावा करते. हा शब्दप्रयोग अर्थहीन आहे, कारण या क्षेत्रासाठी सर्व जगावर अधिकार चालवणारी एकही मान्यता-संस्था अस्तित्वात नाही. काही विक्रेते स्वतःच दुसऱ्या नावाने मंडळ काढतात आणि त्या मंडळाकडून स्वतःला अधिमान्यता देतात. भारदस्त नाव, ढालीचे बोधचिन्ह आणि खाली लॅटिन ब्रीदवाक्य एवढ्याने मंडळ खरे ठरत नाही.

इंग्लंडमधील पात्रतांसाठी तपासणीचा सोपा मार्ग आहे. ‘ऑफक्वॉल’ ही तेथील शासकीय नियामक संस्था असून तिची नोंदवही संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. प्रमाणपत्राचे पूर्ण नाव आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव त्यात सापडले पाहिजे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. पातळीचा अंक काठिण्य दाखवतो. अभ्यासक्रम किती मोठा आहे किंवा त्यात सराव पाठ आहेत का, हे दाखवत नाही. आकारमान शीर्षकातील शब्दावरून कळते: एकूण अभ्यासकाल १२० तासांपर्यंत असेल तर ‘अवॉर्ड’, १२१ ते ३६९ तास असेल तर ‘सर्टिफिकेट’ आणि ३७० तास किंवा त्याहून अधिक असेल तर ‘डिप्लोमा’. म्हणून ‘आमचा अभ्यासक्रम पाचव्या पातळीचा, म्हणजे सेल्टाच्या तोडीचा’ हे विधान अर्धसत्य असू शकते. पातळी समान असूनही एकात ६ तासांचे निरीक्षित अध्यापन आणि दुसऱ्यात शून्य, असे घडते.

सेल्टा आणि सर्टटेसॉल यांच्याबाबत केंद्राचे नाव अनुक्रमे केंब्रिजच्या आणि ट्रिनिटीच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावे. ‘सेल्टा-समकक्ष’ म्हणणारे केंद्र त्या यादीत नसते.

देशोदेशीचे नियम

इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी जाऊ इच्छिणारा भारतीय उमेदवार बहुतेकदा आधी अभ्यासक्रम निवडतो आणि नंतर देश शोधतो. हा क्रम उलटा हवा, कारण काही देशांची दारे भारतीय पारपत्रधारकाला कोणतेही प्रमाणपत्र घेतले तरी जवळपास बंद आहेत.

दक्षिण कोरियात भाषाशिक्षकांसाठीचा ‘ई-२’ व्हिसा इंग्रजीपुरता अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आल्यावर शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांसाठी शाळांतील साहाय्यक शिक्षकपदाची एक अरुंद वाट उघडली. तेथे टेफलपेक्षा इंग्रजी विषयातील पदवी आणि अध्यापनाची पात्रता यांना महत्त्व आहे. चीनमध्ये सामान्य नियमानुसार परदेशी भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी अशी अपेक्षा असते आणि ‘मातृभाषा’ पारपत्रावरून ठरवली जाते. शिवाय जुलै २०२१ मध्ये तेथील शासनाने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवणी घेण्यास मनाई केली. त्यामुळे चिनी मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकवण्याचा मोठा व्यवसाय जवळपास एका रात्रीत बसला. त्या नोकऱ्यांच्या भरवशावर अभ्यासक्रम विकणाऱ्या जुन्या जाहिराती अजूनही फिरताना दिसतात.

जपानचा नियम मराठी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. तेथील शाळांमध्ये भाषा शिकवण्यासाठी ‘प्रशिक्षक’ वर्गाचा निवासपरवाना लागतो, आणि त्यासाठी उमेदवाराने त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीयाला ही अट पुरी करता येते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या व्यक्तीचे इंग्रजी कितीही उत्तम असले तरी वर्षांची बेरीज भरत नाही. खाजगी भाषावर्गांसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना असतो; तेथे पदवी पुरते. जपान शासनाच्या साहाय्याने १९८७ पासून चालणाऱ्या ‘जेट’ या कार्यक्रमातही टेफल बंधनकारक नाही, पदवी आहे.

थायलंड आणि व्हिएतनाम येथे भारतीयांना वाव अधिक आहे. दोन्हीकडे पदवी आवश्यक असते. व्हिएतनाममध्ये त्याबरोबर अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलीस-पडताळणी आणि वैद्यकीय दाखला लागतो. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचे तर तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट घ्यावी लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून प्रमाणित इंग्रजी परीक्षेतील गुण मागितले जातात. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत बी.एड.ला प्राधान्य असते. तेथे सेल्टा असून बी.एड. नसणे ही उणीव ठरते, तर प्रौढांच्या भाषावर्गांत नेमके उलट घडते. युरोपीय संघात नोकरी देणाऱ्याने बाहेरच्या नागरिकासाठी कामाचा परवाना मिळवणे किचकट असल्याने भाषाशाळा शक्यतो संघातीलच उमेदवार घेतात.

हे नियम वारंवार बदलतात. अंतिम माहिती त्या देशाच्या दूतावासाकडून घ्यावी. अभ्यासक्रम विकणाऱ्या संस्थेकडून घेऊ नये.

मातृभाषक आणि इतर

इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तोच ती उत्तम शिकवतो, या समजुतीचा पगडा या क्षेत्रावर मोठा आहे. युगांडातील मकेरेरे येथे १९६१ मध्ये राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजी अध्यापनविषयक परिषद झाली. तेथे प्रस्थापित झालेल्या गृहीतकांची रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मधील आपल्या भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात चिकित्सा केली आणि वरील समजुतीला ‘मातृभाषक-भ्रम’ असे नाव दिले. काश्मिरी भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. त्यांत भारत बाह्य वर्तुळात येतो, म्हणजे जेथे इंग्रजीने स्थानिक रूप घेऊन मूळ धरले आहे असा प्रदेश. हंगेरीचे पेटर मेजेश यांनी १९९४ मधील पुस्तकात अमातृभाषक शिक्षकांच्या बाजूने युक्तिवाद केला: ज्याने ती भाषा स्वतः कष्टाने शिकली, त्याला विद्यार्थी कोठे अडेल ते ठाऊक असते.

मराठी भाषक शिक्षकाच्या बाबतीत हे अगदी तपशिलाने दाखवता येते. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. जपानी, कोरियन, चिनी आणि थाई या भाषांतही नाहीत. ‘अ’ कोठे आणि ‘द’ कोठे याची वर्षानुवर्षे ठेचा खात केलेली समज मराठी शिक्षकाजवळ असते. लंडनमध्ये वाढलेल्या तरुणाला तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो, आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात बरेचदा तोच व्याकरणाच्या सत्रात गोंधळतो. याउलट मराठी शिक्षकाने आपल्या उच्चारांतील काही सवयी ओळखल्या पाहिजेत. इंग्रजीतील दोन वेगळे ध्वनी आपण एकाच ‘व’ने भागवतो, आणि शब्दावरील आघात व वाक्याची लय यांकडे शालेय शिक्षणात लक्षच दिले जात नाही. ‘आय अॅम नोइंग’ सारखी भारतीय वळणेही मूल्यमापनात खटकतात. भारतीय धाटणीने बोलणे हा दोष मानला जात नाही. दुर्बोधता मात्र मानली जाते.

टेसॉल संघटनेने मातृभाषेच्या आधारे नोकरीत भेदभाव करू नये असा ठराव १९९१ मध्ये केला आणि २००६ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. जाहिरातींतील ‘फक्त मातृभाषक’ हे शब्द त्याने नाहीसे झालेले नाहीत. ज्या अभ्यासक्रमाचा विक्रेता या वस्तुस्थितीविषयी भारतीय उमेदवाराशी मोकळेपणाने बोलत नाही, त्याच्या इतर आश्वासनांकडेही सावधपणे पाहावे.

भारतीय पदव्यांशी संबंध

भारतात शालेय शिक्षक-प्रशिक्षणावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे नियंत्रण आहे. सेल्टा किंवा इतर कोणतेही टेफल प्रमाणपत्र बी.एड.ला पर्याय ठरत नाही. परदेशातून परतल्यावर त्याच्या आधारे अनुदानित शाळेत नेमणूक मिळत नाही. परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांतही वर्गशिक्षक म्हणून काम करायचे असल्यास बहुधा शासकीय पात्रताच मागतात. दीर्घकाळ अध्यापनातच राहण्याचा विचार असणाऱ्या विशीतील तरुणाने आधी बी.एड. करून मग चार आठवड्यांचे प्रमाणपत्र घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. एक-दोन वर्षे परदेश पाहून येण्याची इच्छा असेल तर गणित वेगळे असते.

हैदराबादच्या विद्यापीठात इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर प्रमाणपत्रे व पदविका उपलब्ध आहेत. परदेशी भाषाशाळांना त्यांची ओळख कमी असली तरी त्यांतील भाषाविज्ञानाचा भाग अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांपेक्षा पुष्कळ सखोल असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याचा अनुभव असलेले शिक्षक येथे मोठ्या संख्येने आहेत. परदेशी अर्जात ते हा अनुभव ‘मराठी शाळेतील नोकरी’ म्हणून एका ओळीत उरकतात. मुलांना परकीय भाषा शिकवल्याचा अनुभव म्हणून तो तपशिलाने लिहायला हवा.

शुल्क, हमी आणि दलाल

लंडनसारख्या शहरात सेल्टाचे शुल्क दीड ते दोन हजार पौंडांच्या घरात जाते आणि राहण्याचा खर्च वेगळा. भारतातील, आग्नेय आशियातील किंवा ऑनलाइन केंद्रांत तुलनेने कमी पैसे लागतात. प्रमाणपत्र सर्वत्र तेच असते. त्यावर देशाचा भाव चढत नाही. मात्र ज्या देशात नोकरी हवी तेथेच प्रशिक्षण घेतल्यास स्थानिक शाळांशी ओळख होते, हा लाभ खरा आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रमात रात्री उशिरापर्यंत टाचणे लिहावी लागतात. चाळिशी-पन्नाशीतील उमेदवाराने, किंवा घरच्या जबाबदाऱ्या असलेल्याने, अर्धवेळ प्रकार निवडणे बरे. मध्येच सोडल्यास शुल्क परत मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणारा अभ्यासक्रम हा शिक्षणापेक्षा भरतीचा व्यवसाय असतो. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत दलालांची नावे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतात, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर इतकी आहे. प्रशिक्षण, व्हिसा आणि नोकरी यांचे मिळून काही लाख मागणारा इसम या चौकटीत बसत नाही. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तेथे बदलून देऊ’ हा सल्ला सर्वांत घातक. पर्यटक व्हिसावर काम करणे बहुतेक देशांत गुन्हा आहे. पकडला जातो शिक्षक, शाळा नव्हे. २०२२ मध्ये थायलंडमधील नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याच्या घटनांनंतर परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता. त्या जाहिराती प्रामुख्याने माहिती-तंत्रज्ञानातील नोकऱ्यांच्या होत्या. पण समाजमाध्यमावरील संदेश, दूरध्वनीवरील मुलाखत आणि घाईने पाठवलेले तिकीट ही कार्यपद्धती कोणत्याही व्यवसायाला लागू पडते.

कागदपत्रांचे प्रमाणीकरण

नोकरी निश्चित झाल्यावरही पदवी-प्रमाणपत्राचे प्रमाणीकरण बाकी असते आणि त्यात काही आठवडे जातात. भारत २००५ पासून हेग येथील अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. त्यामुळे जपान, दक्षिण कोरिया यांसारख्या सदस्य देशांसाठी आधी राज्य शासनाच्या नियुक्त यंत्रणेचा शिक्का आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये या करारात आला. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशासाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. पदवी, गुणपत्रिका आणि पारपत्र यांवरील नावात फरक असेल, जसे विवाहानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांच्या नावाची गाळलेली आद्याक्षरे, तर तो शपथपत्राने किंवा राजपत्रातील नोंदीने आधीच दूर करून घ्यावा. परदेशी संस्थेचे टेफल प्रमाणपत्र ज्या देशात दिले गेले तेथूनच त्याचे प्रमाणीकरण करावे लागते. ऑनलाइन विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता कोणत्या देशात आहे, हे अनेकांना या टप्प्यावर प्रथमच शोधावे लागते.